“ती चांगली आहे” आणि “ती चांगली गाते”

परभणीत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात अभ्यासिकेतली एक मुलगी नोकरीचा अर्ज दाखवायला घेऊन आली. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड कुठेच नाही. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘आय वर्क हार्डली अँड ऑनेस्टली.’ मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली, तर ती गोंधळून म्हणाली, “मॅडम, मी लई मेहनत करते, असंच तर लिहिलंय की.”

तिला तसंच म्हणायचं होतं. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्या ओळीतून कळणार होतं ते असं, की ही मुलगी काम जेमतेमच करते. असाच अर्ज आधी दोन ठिकाणी जाऊन आला होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तिचा विचार मुळात चुकलेला नव्हता. ‘ऑनेस्ट’ला ‘ली’ लावून ‘ऑनेस्टली’ होतं हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. तोच नियम तिने ‘हार्ड’ला लावला. नियम कुठे थांबतो, तेवढं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

विशेषण कुठे वापरायचं आणि क्रियाविशेषण कुठे, हा घोळ आपल्याकडच्या बहुतेक लेकरांचा होतो. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं, तरी हा घोळ तसाच आहे. माझं ठाम मत आहे की याचं कारण हुशारीत नाही, आपल्या मराठीत आहे. आणि त्यावरचा उपायही मराठीतच आहे.

आधी कारण बघू. “पोरगी चांगली आहे” आणि “पोरगी चांगली गाते.” दोन्हीकडे शब्द तोच, “चांगली”. पहिल्या वाक्यात तो पोरीबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. दुसऱ्यात तो गाण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. पण शब्दाकडे बघून हे कळायला मार्ग नाही. उलट दुसऱ्या वाक्यातही तो पोरीच्याच मागे चालतो. पोरगा चांगला गातो, पोरगी चांगली गाते, लेकरू चांगलं गातं. काम क्रियेचं करायचं आणि लिंग-वचन मात्र कर्त्याचं, नाहीतर कर्माचं धरायचं, ही मराठीची रीत आहे. इंग्रजीची रीत वेगळी. तिथे पोरगी ‘गुड’ असते, पण गाते मात्र ‘वेल’. ‘शी इज गुड’, ‘शी सिंग्ज वेल’. आपल्या कानाला जिथे एकच शब्द ऐकायची सवय आहे, तिथे इंग्रजी दोन शब्द मागते.

मराठवाड्यातल्या माणसाजवळ इथे एक जास्तीची सोय आहे, ती मी वर्गात नेहमी वापरते. आपल्या बाजारात, एसटी स्टँडवर, शेजारीपाजारी हिंदी रोज कानावर पडते. नेमक्या हिंदीत ‘लडकी अच्छी है’ म्हणतात, पण ‘लडकी अच्छा गाती है’ म्हणतात. पोरगी असूनही ‘अच्छा’! तिथे ‘अच्छा’ पोरीचं नाही, गाण्याचं आहे, म्हणून तो पोरीप्रमाणे बदलला नाही. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरचे सुद्धा मान डोलावतात. हिंदी जो फरक ‘अच्छी’ आणि ‘अच्छा’ यातून दाखवते, तोच इंग्रजी बहुतेक वेळा ‘ली’ लावून दाखवते. ‘क्विक’चं ‘क्विकली’, ‘केअरफुल’चं ‘केअरफुली’, ‘इझी’चं ‘इझिली’. लिहिताना शेवटचा वाय जाऊन आय येतो वगैरे बारकावे शब्दकोशात बघून सरावाने येतात, त्यात फार अडकू नका.

मग मराठीत विचार करणाऱ्याने ओळखायचं कसं? माझी पहिली कसोटी “रीतीने”ची. मनातल्या मराठी वाक्यात त्या शब्दाऐवजी “अमुक रीतीने” म्हणून बघायचं. “ती चांगली गाते”, म्हणजे चांगल्या रीतीने गाते. जमलं, म्हणजे क्रियाविशेषण. “ती चांगली आहे”, म्हणजे चांगल्या रीतीने आहे? नाही जमत. म्हणजे विशेषण.

क्रियाविशेषण फक्त क्रियेलाच चिकटतं असं मात्र समजू नका. नाव क्रियाविशेषण असलं तरी ते दुसऱ्या विशेषणालाही जोर देतं. परभणीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. “भयंकर ऊन” आणि “भयंकर कडक ऊन”. मराठीत दोन्हीकडे “भयंकर”च. पहिल्यात भयंकर काय आहे? ऊन. म्हणून इंग्रजीत ‘टेरिबल हीट’. दुसऱ्यात “भयंकर” हा शब्द “कडक”ला धरून आहे, किती कडक ते सांगतो. म्हणून ‘टेरिबली हॉट’. ‘टेरिबल हॉट’ लिहिलं की चुकलं. “खरंच हुशार” याला ‘रिअल इंटेलिजंट’ नव्हे, ‘रिअली इंटेलिजंट’. अमेरिकी बोलण्यात ‘रिअल गुड’ ऐकू येतं. ते बोलण्यापुरतं ठीक, परीक्षेत आणि अर्जात नको.

आता खरी अडचण. इथे चांगले चांगले घसरतात, आणि जास्त करून ज्यांनी “क्रियापदाजवळ आलं की ली लावा” एवढंच पाठ केलेलं असतं ते घसरतात.

जानेवारीत शेतावर हुरड्याला गेलात. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, हातावर चोळली, गुळभेंडीचे कोवळे दाणे तोंडात टाकले आणि म्हणालात, “हुरडा गोड लागतो.” याचं इंग्रजी करताना मुलं लिहितात, ‘द हुरडा टेस्ट्स स्वीटली.’ क्रियापद आहे ना शेजारी, मग ‘ली’ हवाच! पण बरोबर वाक्य आहे, ‘द हुरडा टेस्ट्स स्वीट.’ का? कारण हुरडा काहीच करत नाही. तो फक्त गोड आहे, आणि ते जिभेला कळलं. “लागतो” काढून “आहे” ठेवून बघा. “हुरडा गोड आहे.” अर्थ शाबूत राहिला. म्हणजे “गोड” हे हुरड्याचंच विशेषण. हीच दुसरी कसोटी, “आहे”ची.

इंग्रजीत अशी मोजकी क्रियापदं आहेत जी फक्त सांधा जोडतात. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’ ही इंद्रियांची. ‘सीम’, ‘बिकम’, ‘गेट’, ‘टर्न’, ‘स्टे’ ही असण्याची आणि होण्याची. यांच्यापुढे विशेषण येतं. पण पाचही इंद्रियांच्या क्रियापदांत एक मेख आहे. ती कधी सांधा जोडतात आणि कधी खरोखरची क्रिया सांगतात. शब्द तोच, काम वेगळं. इंग्रजी मुलाला ते सवयीने कळतं. आपल्याला सवय नाही, पण आपल्याकडे त्याहून नेमकं साधन आहे. मराठीत या दोन कामांना बहुतेक वेळा दोन वेगळी क्रियापदं आहेत.

‘लुक’ घ्या. मराठीत “दिसणे” वेगळं आणि “बघणे” वेगळं. “आई रागावलेली दिसली”, ‘मदर लुक्ड अँग्री.’ “आईने माझ्याकडे रागाने बघितलं”, ‘मदर लुक्ड अॅट मी अँग्रिली.’ मनात “दिसणे” आलं तर विशेषण, “बघणे” आलं तर क्रियाविशेषण.

‘टेस्ट’साठी “लागणे” आणि “चाखणे”. आमटी खारट लागली, तर ‘सॉल्टी’. आजीने आमटी सावकाश चाखली, तर ‘स्लोली’.

‘स्मेल’साठी “वास येणे” आणि “हुंगणे”. पहिल्या पावसानंतर मातीचा वास छान येतो, तर ‘नाइस’. कुत्र्याने पिशवी संशयाने हुंगली, तर ‘सस्पिशसली’.

‘फील’साठी “वाटणे” आणि “चाचपणे”. तापातून उठलेल्या लेकराला अशक्त वाटतं, ‘द चाइल्ड फील्स वीक.’ डॉक्टर त्याचं पोट हलक्या हाताने चाचपून बघतात, ‘द डॉक्टर फील्स हिज स्टमक जेंटली.’ कुणाचं दुःख ऐकून “मला वाईट वाटलं” म्हणायचं असेल, तर ‘आय फेल्ट बॅड.’ पुष्कळ शिकलेली माणसंही इथे अदबीने बोलायचं म्हणून ‘बॅडली’ म्हणतात. गरज नाही. “वाटणे” आलं, विशेषण आलं, विषय संपला.

होण्याच्या क्रियापदांनाही हेच लागू. शेंग भरायच्या आधीच सोयाबीन पिवळं पडलं, ‘द सोयाबीन टर्न्ड यलो.’ इथे “पडलं” म्हणजे धडपडलं नव्हे, झालं. भांडणात तो गप्प राहिला, ‘ही स्टेड क्वायट.’ आणि मग गुपचूप निघून गेला, ‘ही लेफ्ट क्वायटली.’ राहणं ही अवस्था, जाणं ही क्रिया.

मला वाटतं हा धडा जर शाळेत “दिसणे-बघणे, लागणे-चाखणे, वाटणे-चाचपणे” असा मराठीतून शिकवला, तर अर्धा घोळ तिथेच मिटेल. इंग्रजी शिकवताना मराठी बोलायचीच नाही, असा हट्ट काही वर्गांत धरतात. त्याने लेकरांच्या हातातलं चांगलं हत्यार काढून घेतलं जातं.

याच्या पुढची पायरी जरा नाजूक आहे, पण चुलीजवळ बसलं की समजते. माझी माय ज्वारीची भाकरी थापायची तेव्हा मी परातीसमोर बसलेली असायचे. तिच्या भाकरीबद्दल तीन वाक्यं करा. “मायने भाकरी पटपट थापली.” “मायने भाकरी चांगली थापली.” “मायने भाकरी पातळ थापली.” मराठीत तिन्ही वाक्यांची ठेवण एकच. इंग्रजीत काय होईल?

“पटपट” हे तळहाताच्या हालचालीबद्दल आहे, म्हणून ‘क्विकली’. “चांगली” हा शब्द भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी झालेला असला, तरी सांगतो ते थापण्याबद्दल, चांगल्या रीतीने थापली, म्हणून ‘वेल’. पण “पातळ”? पातळ रीतीने थापली असं कुणी म्हणत नाही. थापून झाल्यावर भाकरी पातळ झाली. म्हणजे ते भाकरीचं विशेषण, आणि इंग्रजीत ‘थिन’ राहतं, ‘थिनली’ होत नाही. भिंत हिरवी रंगवली, दार उघडं ठेवलं, ही सगळी याच जातीची वाक्यं. ‘पेंटेड द वॉल ग्रीन’, ‘केप्ट द डोअर ओपन’. क्रिया झाल्यावर वस्तू कशी झाली किंवा राहिली ते सांगायचं असेल तर विशेषण.

परीक्षा देणाऱ्यांसाठी यातलंच एक रोजचं उदाहरण. “पेपर सोपा गेला” याचं इंग्रजी ‘आय फाउंड द पेपर इझी.’ ‘आय फाउंड द पेपर इझिली’ लिहिलंत तर अर्थ होतो, हरवलेला पेपर मला सहज सापडला. एका ‘ली’ने पेपर सोपा असण्यावरून सापडण्यावर गाडी गेली.

आता त्या ‘हार्डली’कडे परत येते.

‘ली’ म्हणजे क्रियाविशेषण, हे समीकरणच पूर्ण खरं नाही. हा प्रत्यय हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतून आला. त्याचं मूळ शरीर किंवा रूप अशा अर्थाच्या शब्दात आहे, आणि “सारखा” या अर्थाचा ‘लाइक’ त्याच कुळातला. म्हणजे ‘ली’चा मूळ भाव आपल्या “सारखा”च्या जवळचा. ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा. तो शब्द मुळात विशेषण होता आणि अजूनही विशेषणच आहे. ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘अग्ली’, ‘कॉस्टली’, ‘एल्डरली’ ही त्याचीच भावंडं. म्हणून ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ चालत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं. ‘टाइमली’ तर आपल्याला हमखास फसवतो. “वेळेवरचा पाऊस” याला ‘टाइमली रेन’ बरोबर, पण “पाऊस वेळेवर आला” याला ‘द रेन केम टाइमली’ नाही, ‘ऑन टाइम’.

जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषण करायची आणखी एक सोपी पद्धत होती. विशेषणाच्या शेवटी नुसता एक स्वर लावायचा. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ यांची क्रियाविशेषणं तशीच व्हायची. पुढे बोलता बोलता शब्दाच्या शेवटचे असे स्वर गळून गेले आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसायला एकच झाले. म्हणून ‘अ फास्ट बस’ आणि ‘द बस रन्स फास्ट’, दोन्हीकडे ‘फास्ट’. ‘फास्टली’ असा शब्द आजच्या इंग्रजीत वापरत नाहीत, कितीही नियमात बसणारा वाटला तरी. ‘लेट’, ‘अर्ली’, ‘स्ट्रेट’, ‘डेली’ यांनाही दोन्हीकडे तेच रूप चालतं.

‘हार्ड’चंही तसंच. ‘हार्ड वर्क’ आणि ‘वर्क हार्ड’. मग ‘हार्डली’ कुठून आला? तोही एकेकाळी कठोरपणे, कष्टाने अशा अर्थाचा होता. कष्टाने होणारी गोष्ट म्हणजे जेमतेम होणारी गोष्ट, असा अर्थ हळूहळू सरकत गेला. आपल्याकडे “तो मुश्किलीने भेटतो” म्हटलं की कुणी तो त्रास घेऊन भेटतो असं समजत नाही, क्वचित भेटतो असं समजतं. अगदी तीच सरकण. आज ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे राबतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे कामाला हात लावत नाही. ‘लेटली’चंही असंच फिरलं. ‘शी केम लेट’ म्हणजे उशिरा आली, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ जवळ, ‘निअरली’ जवळजवळ. या जोड्या थोड्याच आहेत, त्या पाठ करणं हाच सरळ मार्ग.

रस्त्याचं काम चालू असतं तिथे ‘गो स्लो’ची पाटी असते. मुलं विचारतात, मॅडम, ‘स्लोली’ नको का? ‘स्लो’ क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत फार जुना आहे, शब्दकोश त्याला मान्यता देतात. पाटी चुकीची नाही. 1997 साली अॅपल कंपनीने ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात केली, तेव्हा मात्र ‘डिफरंटली’ हवं म्हणून वाद झाला. त्यांनी ते जाणूनबुजून केलं होतं. जाहिरातवाल्याला ती मोकळीक आहे. तुमच्या उत्तरपत्रिकेवर मात्र ‘डिफरंटली’च लिहा.

‘गुड’ आणि ‘वेल’बद्दल एकच गोष्ट राहिली. ‘वेल’ तब्येतीसाठी आला की विशेषण होतो. “मला बरं वाटत नाही”, ‘आय डोन्ट फील वेल.’ एरवी माणूस, वस्तू ‘गुड’, क्रिया ‘वेल’.

त्या मुलीचा अर्ज आम्ही दोघींनी बसून नीट केला. ‘आय वर्क हार्ड अँड ऑनेस्टली.’ व्याकरणाने बरोबर होतं, पण तिला म्हटलं, आता हे जरा सुटसुटीत कर. तिने खाली लिहिलं, ‘आय अॅम ऑनेस्ट अँड आय वर्क हार्ड.’ आधी स्वतःबद्दल विशेषण, मग कामाबद्दल क्रियाविशेषण. मला तेच जास्त आवडलं.

मग ती अगदी शेवटच्या ओळीवर अडली. शाळेपासून रजेच्या अर्जाखाली लिहीत आली होती, ‘युवर्स ओबिडिएंट स्टुडंट’. सवयीने इथेही ‘युवर्स सिन्सिअर’ लिहून बसली होती. मी काही सांगायच्या आधी तिनेच पेन्सिल घेतली. म्हणाली, “मॅडम, शाळेत ‘स्टुडंट’ हे नाम होतं. म्हणून ‘ओबिडिएंट’ त्याचं विशेषण, आणि आधी ‘युवर’ पाहिजे होतं. इथं पुढे नामच नाही.” थोडा वेळ थांबली, आणि ‘सिन्सिअर’च्या शेवटचा ई ठेवून पुढे दोन अक्षरं जोडली. ‘युवर्स सिन्सिअरली’.

खाली तारीख घातली, सही केली, आणि पाकीट आणायला जिना उतरून गेली.